टायमिंग अण्णा

अण्णा भेटले की 'जेवलास काय?' असं विचारत नाहीत. 'कालचं माझं कधी बघितलास?' हा त्यांचा पहिला प्रश्न. 'बघितलो की अण्णा, झकास होतं,' एवढ्यावर सुटका होत नाही. 'झकास राहू दे बा, वेळ सांग.' वेळ सांगितली की गल्ल्याखालचा ड्रॉवर उघडतो आणि लाल कापडी पुठ्ठ्याची वही बाहेर येते.

अण्णांचं बेळगावात, शहापुरात, साड्यांचं दुकान आहे. ही जात एकट्या शहापुरातच सापडते असं नाही. टिळकवाडीत ती निवृत्त मास्तरांच्या रूपात आढळते, निपाणीत तंबाखूच्या वखारीवर बसलेली असते, खानापुरात तर पंचायतीच्या निवडणुकीलाही उभी राहते. पण अस्सल वाण बघायचा तर शहापूरचाच, कारण इथं हिशेबाची सवय पिढीजात.

वहीत डाव्या बाजूला जमा, उजव्या बाजूला नावे. पोस्ट टाकल्यापासून अर्ध्या तासात आलेले लाईक जमेला. स्टेटस बघितलं आणि मुकाट्यानं पुढं गेले, ते सगळे उधारीत. उधारी थकली की अण्णा त्या माणसाच्या नातवाचं बारसंसुद्धा लाईक करत नाहीत. एका चुलतभावाची उधारी गेल्या दिवाळीपासून चालू आहे. त्याच्या नावापुढं अण्णांनी बारीक अक्षरात 'बुडीत' असं लिहिलंय.

पोस्ट काय असते, हा प्रश्न गौण. कधी जुन्या बेळगावचा फोटो, कधी इरकलीचा काठ, कधी नुसताच सूर्य. खरा जीव वेळेत. संध्याकाळी सातला पाच कमी असताना अण्णा चष्मा कपाळावर चढवतात, फोन दोन्ही हातांत धरतात आणि अंगठा बटणाच्या वर अधांतरी ठेवून बसतात. त्या पाच मिनिटांत गिऱ्हाइकानं भाव विचारायचा नाही, पोरानं पंख्याचं बटण दाबायचं नाही. दुकानामागंच घर. आतून वहिनींची हाक येते, 'अवो, दूध उतू जाऊलालंय, जरा गॅस बंद करा की!' अण्णा हूं की चूं करत नाहीत. दूध उतू जातं, सात वाजतात, अंगठा टेकतो. एकदा नेमका त्याच क्षणाला करंट गेला, वायफाय मेलं आणि पोस्ट सात वाजून चार मिनिटांनी गेली. अण्णा त्या रात्री जेवले नाहीत.

सातच का, ह्याचं शास्त्र त्यांच्याकडं आहे. उद्यमबागेतल्या फौंड्रीची पोरं तोवर आंघोळ करून चहाला बसलेली असतात. गोव्याला नोकरीला गेलेले बेळगावकर रूमवर पोचलेले असतात. दुबईवाले मात्र दीड तास मागं, म्हणजे त्यांचे साडेपाच, अजून साहेबाच्या नजरेखाली. त्यांच्यासाठी तोच फोटो रात्री साडेनवाला निराळ्या मजकुरासह. पलटणीतल्या भाच्याचा भरवसा नाही, तो कधी ऑनलाइन येईल ते लष्कराला ठाऊक. आणि निपाणी? निपाणी ही अण्णांची सासुरवाडी, त्यामुळं तिचा अभ्यास सखोल. 'निपाणीची माणसं राहतात कर्नाटकात आणि ऑनलाइन येतात कोल्हापूरच्या वेळेला,' असा त्यांचा निष्कर्ष. कॉलेज कोल्हापूरला, दवाखाना कोल्हापूरला, बस्ता बांधायचा तोही कोल्हापूरला (हे सांगताना अण्णांचा आवाज जरा कापतो). परतीच्या एस.टी.त जागा मिळाली की फोन बाहेर येतो. कागल मागं पडल्यापासून निपाणी स्टँड येईपर्यंतचा वेळ, तो निपाणीचा मुहूर्त.

पुतण्यानं एकदा सांगून बघितलं. 'काका, इन्स्टाग्रामनं वेळेच्या क्रमानं पोस्टी दाखवायचं 2016 सालीच सोडलं. आता कुणाला काय आवडतं ते बघून मशीनच वर-खाली करतंय. तुम्ही सातला टाका नायतर सव्वासातला.' अण्णांनी शांतपणे एक साडी उलगडली. 'ही अशी टाकली आणि पहिल्या बाईनं हात लावला, की दुसरी बाई वाकते का नाही? मशीन म्हणजे ती दुसरी बाई. पहिल्या बाईला कधी बोलवायचं ते मी ठरवूलालोय.' पुतण्या गप्प बसला. ह्या बाबतीत पुतण्यापेक्षा अण्णांना जास्त कळतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

खरी परीक्षा सणावारी. शिवजयंती आमच्या सीमाभागात तीन वेळा येते. 19 फेब्रुवारीची सरकारी, फाल्गुन वद्य तृतीयेची तिथीची, आणि वैशाख शुद्ध द्वितीयेची खास बेळगावची, रात्रभर चित्ररथ निघतात ती. अण्णा तिन्ही पाळतात. फोटो एकच, फेटा दर वेळी निराळ्या रंगाचा. अनंत चतुर्दशीला मात्र त्यांचं शास्त्र कोलमडतं. आमची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते. सगळं गाव रस्त्यावर, नेटवर्क आडवं, अन् 'निरोप बाप्पाला' टाकावं तर बाप्पा अजून गणपत गल्लीतच.

पण 1 नोव्हेंबरसारखा अवघड दिवस नाही. इकडं राज्योत्सव, तिकडं काळा दिन, दोन्ही 1956 च्या त्याच तारखेचे. दुकानात बैलहोंगलचं लग्नाचं गिऱ्हाईक येतं आणि 'चलो ऐती' म्हणून चार साड्या जास्त घेऊन जातं. घरात वडिलांच्या वेळेपासून महाराष्ट्र एकीकरण समितीचं कार्ड. रात्री बाराला टाकावं तर चन्नम्मा चौकात जल्लोष चालू, सकाळी टाकावं तर मूक फेरीची तयारी. अण्णांनी वर्षानुवर्षं शोधून त्या दिवसाची एकच सुरक्षित पोस्ट काढली आहे. पहाटे पावणेसहाला दारातल्या रस्त्याचा फोटो, खाली ओळ, 'आज धुकं फार आहे.' त्याला दोन्हीकडचे लाईक येतात. कुणी ह्याला भेकडपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. ज्याला ह्या गावात दोन्ही भाषांत उधारी वसूल करायची आहे, त्यानं बोलावं.

आणि 17 जानेवारीला हाच माणूस वही उघडत नाही. 1956 च्या गोळीबारात गेलेल्यांना हुतात्मा चौकात फूल वाहून येतो, घरी आल्या आल्या फोटो टाकतो आणि फोन उपडा ठेवून दुकान उघडतो. किती बघितले, कोण बघितले, विचारत नाही.

अण्णांची सगळ्यात मोठी पोस्ट मात्र अजून जायचीच आहे. महाराष्ट्रानं सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात लावला 2004 साली. फेसबुकही त्याच सालचं. फेसबुक कुठल्या कुठं पोचलं, दावा तारखेवरच आहे. निकालाच्या दिवसाचे दोन मजकूर अण्णांकडं तयार आहेत, एक पेढ्यांचा, एक निर्धाराचा. प्रत्येक नव्या फोनमध्ये ते आधी हलवले जातात, बायकामुलांचे फोटो मागून. परवा मला दोन्ही वाचून दाखवले. चेहऱ्यावर काळजी स्पष्ट दिसत होती.

'निकालाचं काय व्हायचं ते होऊ दे रे,' अण्णा म्हणाले, 'पण कोर्ट भरतंय साडेदहाला आणि उठतंय चारला. तेवढ्यात कोण बघतंय? बाया स्वयंपाकात, पोरं फौंड्रीत, निपाणी कोल्हापुरात. आपल्या वकिलाला कुणीतरी जरा सांगून बघायला पाहिजे.'