वरातीतले आगाऊ हुकूम

पालमच्या वरातीत कीबोर्डवाला पट्ट्या दाबतो सुरांसाठी, पण कीबोर्ड सिंथेसायझरला जोडणाऱ्या मिडीच्या वायरीतून सुरांच्या मागोमाग हुकूमही सुटतात. साउंड बदलला की प्रोग्राम चेंज, आवाजाचा स्लायडर हलला की कंट्रोलर 7. इकडे ताल बदलावा, तर तिकडे सिंथेसायझरवर सनईची बासरी झालेली! मग जाणकार पुढे सरसावतात. एक वायर हलवतो, दुसरा व्होल्टेजला शिव्या घालतो. वायर बिचारी निर्दोष. हातात दिलं ते इमानेइतबारे पोचवायचं, 1983 पासून मिडीचा धर्मच तो. 16 चॅनेल, प्रत्येकावर 0 ते 127 क्रमांक; हुकमांना काय तोटा?

उपाय मेनूत दडलेला असतो: प्रोग्राम चेंज घेणं बंद करायचं, नको ते कंट्रोलर गाळायचे. नवरदेवाच्या मामाच्या फर्माइशी गाळणारा मेनू मात्र अजून निघायचा आहे.

सूर धरून ठेवणारं पेडल सोडल्याचा हुकूम, कंट्रोलर 64, वाटेत हरवला, तर सूर लोंबकळत राहतो. त्यावर 120 क्रमांकाचा हुकूम आहे, सगळे आवाज बंद! पण तो पाठवतो कोण? पोरं सरळ जनरेटरच बंद करतात.