गृहसंगणकाची निगा : सुजाण कुटुंबासाठी नियमावली

घरचा कॉम्प्युटर पूर्ण बंद पडला तर खर्च होतो आणि सुरळीत चालला तर त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. या दोहोंच्या मधली, ‘चालतोय, पण फार स्लो’ ही अवस्था कायम टिकवणे हे गृहस्थाचे कर्तव्य आहे. बहुतेक घरांत ती आपोआप साधते. ज्यांना अजून साधलेली नाही, त्यांच्यासाठी पुढील नियम.

१. स्थापना
सीपीयूचे खोके कपाट आणि भिंत यांच्या फटीत असे बसवावे की मागची जाळी भिंतीला टेकेल. वर क्रोशाचा रुमाल घालावा. धूळ झाडू नये. पंख्याच्या पात्यांवर तिचा करडा थर धरू द्यावा. आतला प्रोसेसर प्रमाणाबाहेर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो, म्हणजे निम्मे काम इथेच झाले. यूपीएसला लेझर प्रिंटरही जोडावा. तो तापताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस ओरडायला लागतो. आपल्याकडे कामे चालतात हे शेजाऱ्यांना समजते.

२. पूजन
दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा झालीच पाहिजे. वर्षभर त्यावर फक्त पत्ते खेळले असले तरी तो आयुधांतच मोडतो. मॉनिटरच्या कडेला बोटाने जेमतेम कुंकू टेकवण्याचा भित्रेपणा करू नये. हळदकुंकू कीबोर्डवर चिमटीने वरून सोडावे. अक्षता सढळ हाताने टाकाव्यात. त्यातला एखादा दाणा स्पेसबारखाली नीट बसला, की दिवाळीच्या शुभेच्छांपासून सोसायटीला लिहायच्या पत्रापर्यंत सगळे शब्द एकमेकांना चिकटून उमटतात. झेंडूचा हार खोक्याच्या पुढच्या जाळीवर आडवा घालावा आणि वाळून पाकळ्या आत ओढल्या जाईपर्यंत काढू नये. मशीन बंद करून कीबोर्ड उलटा धरला आणि हलक्या हाताने झटकला तर बरेचसे बाहेर येते. पण पूजेचे असे झटकणे बरे दिसत नाही.

३. नित्यकर्म
कॉम्प्युटर चालू होताच डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘रीफ्रेश’ मारावे. एकदा मारून भागत नाही. पाच-सहा वेळा मारावे आणि आयकॉन लुकलुकताना पाहून समाधान मानावे. या आज्ञेने डेस्कटॉपवरची चित्रे फक्त पुन्हा काढली जातात, ना मेमरी मोकळी होते ना वेग वाढतो. नित्यकर्माला फळाची अपेक्षा कसली?
रात्री शटडाउन करावे, रीस्टार्ट मात्र चुकूनही करू नये. विंडोज ८ पासून शटडाउन करतानाही सिस्टिमचा गाभा बहुधा जसाच्या तसा डिस्कवर साठवला जातो, म्हणजे सकाळी मशीन लवकर उठते आणि आदल्या दिवशीचा गोंधळही सोबत उठतो. रीस्टार्टमध्ये सगळे नव्याने सुरू होते आणि चांगला मुरलेला बिघाड हातचा जातो.

४. गोपनीयता
अमेरिकेत एमआयटीतल्या एका कॉम्प्युटरवर १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येकासाठी वेगळा पासवर्ड आला. १९६२मध्ये ॲलन शेर या विद्यार्थ्याला वाट्याला आलेले तास पुरेनात, म्हणून त्याने पासवर्डांची फाइल छापून मागितली आणि यंत्राने ती निमूटपणे छापून दिली. आपल्या घरात एवढा खटाटोप करावा लागत नाही. बँकेचा पासवर्ड कालनिर्णयवर, सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली लिहावा. तोच ईमेलला, तोच वायफायला, तोच विजेच्या बिलाला लावावा. २०१७मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने सांगितले की पासवर्ड लांब असावा आणि कारण नसताना वरचेवर बदलायला लावू नये. यातले ‘बदलू नये’ एवढेच लक्षात ठेवावे.

५. दप्तर
सगळ्या फाइली डेस्कटॉपवर ठेवाव्यात, मागचा निसर्गदेखावा दिसेनासा होईपर्यंत. मुलाच्या लग्नाच्या बायोडाट्याचेच घ्या. ‘बायोडाटा फायनल’, ‘बायोडाटा फायनल नवा’, ‘बायोडाटा फायनल मामा’ आणि ‘नवीन बायोडाटा जुना’ अशा चार फाइली हव्यात. एकीत उंची पाच फूट सात, दुसरीत पाच नऊ. एकीत पगार महिन्याचा, दुसरीत वर्षाचा. पाठवताना हाताला लागेल ती पाठवावी. मजकूर शक्यतो युनिकोडच्या आधीच्या एखाद्या फॉन्टमध्ये असावा. असे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार दाखवतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या मुलीकडच्या कॉम्प्युटरवर चिरंजीवांचे गोत्र, नाडी आणि शिक्षण निरर्थक रोमन अक्षरांत उमटते. युनिकोडमध्ये टाइप केले तर ते कुठेही मराठीच दिसते, आणि मग नकार आल्यास फॉन्टवर ढकलता येत नाही.

६. अपडेट
अपडेटची सूचना आली की ‘नंतर आठवण करा’ दाबावे. आठवण आली की पुन्हा तेच दाबावे. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. पुढची सोय न करता जे तिथेच राहिले, त्यांच्या मशीनमध्ये नव्याने सापडणारी भोके बुजवली जात नाहीत. पण कटकट संपली हे काय कमी आहे?

७. जतन
बॅकअपबाबत जाणकार ३-२-१ सांगतात : तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. एवढी धावपळ कशाला? मुंजीचे फोटो सी ड्राइव्हवर असतात, त्यांची एक प्रत डी ड्राइव्हवर ठेवावी आणि निर्धास्त व्हावे. सी आणि डी हे पुष्कळदा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही प्रती बरोबर जातात, मागे कोणी झुरत राहत नाही.

८. हितचिंतकाचा फोन
‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असे सांगणारा फोन आल्यास बोलणाऱ्याला ‘साहेब’ म्हणावे. तो सांगेल ते ॲप टाकावे, पडद्यावरचा नंबर सावकाश वाचून दाखवावा. मग माउसचा बाण आपोआप फिरू लागतो. तो बघायला मुलांना हाक मारावी. असे फोन कोणतीही बँक करत नाही आणि पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर कळवल्यास ते अडवले जाण्याची शक्यता असते, ही माहिती काकांनी नंतर जेवताना द्यायची असते.

९. भाचा
एवढे करून कॉम्प्युटर मनासारखा अडखळू लागला की भाच्याला बोलवावे. तो कॉमर्सचा आहे, ही सबब चालू देऊ नये. तो खुर्चीत बसला की चौघांनी मागे उभे राहावे आणि ‘काल तर चालत होता’ हे प्रत्येकाने एकेकदा म्हणावे. ‘मामी, काय केलं होतं?’ असे त्याने विचारल्यास ‘काही नाही रे, आपोआपच झालं’ हेच उत्तर द्यावे. तो रीस्टार्ट करील आणि मशीन चालू लागेल. तेव्हा ‘एवढंच होतं होय!’ असे म्हणून श्रेय काढून घ्यावे आणि पोहे द्यावेत. नाहीच चालले तर तो ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणेल. लगेच होकार द्यावा. फोटोंची आठवण फॉरमॅट झाल्यावर काढावी.

काही घरे यातल्या प्रत्येक नियमाच्या नेमकी उलट वागतात. त्यांचा कॉम्प्युटर वर्षानुवर्षे मुकाट चालतो. तिथे भाचा येतो तो फक्त सणावारी, आणि आला की पगार किती आणि लग्न कधी, याखेरीज त्याला विचारण्यासारखे कोणाकडे काही उरलेले नसते.