बक्षीस पुस्तकाला, पुस्तक कुणाला?

साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार जाहीर झाला की बंगळुरूच्या जयनगरातल्या आमच्या छोट्या मराठी ग्रंथालयात पालकांची वर्दळ वाढते. मागणी एकच असते, "काकू, यंदाचं बक्षीसवालं आलं का?" सोबत आलेलं पोर तोवर खाली बसून तिसऱ्याच पुस्तकात डोकं घालून असतं. त्याच्या हातात काय आहे हे कुणी बघत नाही. अशा वेळी मला त्या पुरस्कारांच्या यादीचा राग येतो. आणि तरीही दरवर्षी त्या यादीची मीच सगळ्यांत आतुरतेने वाट बघते.

आधी तिचे उपकार सांगते. फोर्थ ब्लॉकच्या बाजारात कन्नड आणि इंग्रजी पुस्तकं हातात घेऊन, चाळून विकत घेता येतात. मराठी पुस्तक मात्र मला न बघताच मागवावं लागतं. पैसे बेताचे, त्यात टपालखर्च. अशा वेळी तीन जाणत्या माणसांनी वाचून निवडलेलं एक नाव मिळणं ही फार मोठी मदत आहे. वनखात्यात नोकरी करणारे सलीम सरदार मुल्ला यांचं 'जंगल खजिन्याचा शोध' 2019 च्या पुरस्कारामुळेच माझ्या नजरेस पडलं. पुण्यामुंबईबाहेरचं असं लेखन जयनगरपर्यंत एरवी कसं पोचणार? 2010 पासून अकादमीने 24 भाषांत हा पुरस्कार सुरू केला, बालसाहित्याला वेगळं पान वाढलं, हे चांगलंच झालं.

आता तक्रार. 2014 ला माधुरी पुरंदरे, 2016 ला राजीव तांबे, 2018 ला रत्नाकर मतकरी. तिघांनाही पुरस्कार मिळाला तो बालसाहित्यातल्या एकूण कामगिरीसाठी. तिघांबद्दल मनापासून आदर आहे. पण ग्रंथपालाने त्यातून कोणतं पुस्तक मागवायचं? मुलाला 'एकूण कामगिरी' घरी नेता येत नाही. आयुष्यभराच्या कामाचा सन्मान जरूर करा, पण तो वेगळा करा. त्याच्यासाठी एखाद्या नव्या पुस्तकाची वर्षाची जागा खर्ची पडू नये.

दुसरी गोष्ट चित्रांची. सहा वर्षांचं मूल पुस्तक उचलतं ते चित्र बघून. अकादमीचे 50,000 रुपये आणि ताम्रपट जातो लेखकाकडे. चित्रकाराचं नाव बातमीतही नसतं. टाटा ट्रस्टच्या 'पराग'ने 2016 मध्ये बिग लिटल बुक अवॉर्ड सुरू केलं, तेव्हा पहिल्याच वर्षी मराठीची निवड करून पुरंदरेंना लेखनासाठी आणि अतनू रॉय यांना चित्रांसाठी असे दोन स्वतंत्र पुरस्कार दिले. हे जमतं, म्हणजे अकादमीलाही जमायला हवं.

आणि मूल कुठे आहे या सगळ्यात? निवड करणारे मोठे, गौरवणारे मोठे, टाळ्या वाजवणारेही मोठे. आमच्याकडे पुस्तकाच्या शेवटच्या पानावर देवघेवीची चिठ्ठी चिकटवलेली असते. 'बोक्या सातबंडे'ची चिठ्ठी तारखांच्या शिक्क्यांनी भरली, तिच्यावर दुसरी डकवली, कणा उसवला म्हणून आतून कापडाची पट्टी लावली. दिलीप प्रभावळकरांच्या या पोराला 2011 मध्ये पुरस्कार मिळाला, पण वाचक त्याने आधीच मिळवले होते. दुसरीकडे, ल. म. कडूंचं 'खारीच्या वाटा' हे 2017 चं पुरस्कारप्राप्त पुस्तक. मला ते फार आवडतं. पण कन्नड शेजार, इंग्रजी शाळा आणि मराठी फक्त आजीपुरती, अशा आमच्या मुलांनी ते उघडलं आणि दुसऱ्या पानावर मिटलं. मग शनिवारी मी मोठ्याने वाचायला घेतलं. शब्द अडला की थांबायचं, फळ्यावर चित्र काढायचं, पुढे जायचं. एक मुलगी पुढच्या शनिवारी आली ती म्हणतच, "काकू, परवाचं पुढे वाचा ना." पुरस्काराने ते पुस्तक माझ्या कपाटात आणलं, पण मुलांपर्यंत न्यायला शेजारी बसून वाचणारं माणूस लागलं.

ग्रंथपालांच्या हाती निवड दिली की सगळं सुरळीत होईल, असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेत बालसाहित्याचं न्यूबरी पदक 1922 पासून ग्रंथपालांची संघटनाच देते. 1953 मध्ये त्यांनी 'शार्लट्स वेब'ला दुय्यम मान दिला आणि पदक दुसऱ्याच पुस्तकाला. पुढे पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी कोणतं वाचलं हे जगाला ठाऊक आहे. ब्रिटनमधल्या कार्नेगी पदकाची पद्धत मला जास्त पटते: परीक्षक वाचत असतात त्याच वेळी शाळाशाळांतली मुलंही तीच निवडक पुस्तकं वाचतात, भांडतात, आपलं मत कळवतात. आपल्याकडे मुलांना निदान विचारा तरी.

खरं दुखणं मात्र याहून खोल आहे. पुरस्कार स्वस्तात होतो, ग्रंथालय महाग पडतं. महाराष्ट्र सरकार साने गुरुजी आणि भा. रा. भागवतांच्या नावाने बालवाङ्मयाचे पुरस्कार देतं. पण 1967 च्या महाराष्ट्राच्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालय उपकर नाही. ग्रंथालयं अनुदानाकडे डोळे लावून बसतात. इथे कर्नाटकात 1965 च्या कायद्याने जयनगरचा घरमालक मालमत्ता करावर 6 टक्के ग्रंथालय उपकर भरतो. ज्या एस. आर. रंगनाथन यांनी प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हा नियम घालून दिला, त्यांची अखेरची वर्षं याच शहरात गेली. त्यांच्या नियमात सत्कार, शाल, श्रीफळ कुठेही नाही.

म्हणून मागणी साधी आहे. लेखकाचे पैसे लेखकाला द्याच, ते कमीच आहेत. त्याच्या जोडीला पुरस्कारप्राप्त पुस्तकाच्या प्रती सरकारी खर्चाने विकत घ्या आणि बालविभाग असलेल्या ग्रंथालयांना पाठवा, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी ग्रंथालयांनाही. बेळगाव, इंदूर, बडोदा, बंगळुरू, सगळीकडे. पुस्तक बाजारात संपलं असेल तर पुढची आवृत्ती निघेल याची हमी प्रकाशकाकडून आधी घ्या, मगच नाव जाहीर करा. आणि चित्रकाराचं नाव लेखकाच्या नावाशेजारी, त्याच आकारात छापा.