भूतदर्शनेच्छू गोंदियाकरांस काही सूचना

ज्या जिल्ह्याचा जन्म 1 मे 1999 रोजी भंडाऱ्याच्या वाटणीतून झाला आणि ज्याचे मुख्य शहर राजवाड्याभोवती नव्हे तर रेल्वेच्या रुळांभोवती वाढले, त्या जिल्ह्यातील सुशिक्षित गृहस्थास आपल्याकडे एकही नामांकित भूत नसल्याची खंत वाटावी, हे मनुष्यस्वभावास धरूनच आहे. पुण्याचे जावई दिवाळसणाला येतात, ओसरीवर बसून शनिवारवाड्याची हकीकत सांगतात, आणि आपण प्रत्युत्तरादाखल नागझिऱ्याचा वाघ पुढे केला तर सौजन्याने हसतात. कारण वाघ कितीही उमदा असला तरी तो हयात आहे, आणि ऐतिहासिक प्रतिष्ठा ही मयत झाल्याखेरीज मिळत नाही. ही मानहानी ज्यांस असह्य झाली असेल त्यांनी प्रथम पुण्यास जाऊन नमुन्याचे भूत पाहून यावे, व मगच घरच्या शोधास लागावे.

गोंदियाहून कोल्हापुरास जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरून जाते. या प्रवासात राज्याचे एक टोक सोडून दुसऱ्याकडे सरकताना इतका अवधी मिळतो की, शेजारच्या बाकावरील उतारूस आपल्या प्रयोजनाची कल्पना आली, तर पुणे येईपर्यंत तो आपल्या घराण्यातील सर्व समंध, मुंजे आणि हडळी यांची वंशावळ सांगून मोकळा होतो. तिच्यावर विश्वास ठेवू नये. भूत ग्राह्य धरण्यापूर्वी त्याचे कागद पाहावेत, हा या विद्येतील पहिला नियम होय.

त्या दृष्टीने शनिवारवाड्यात मारल्या गेलेल्या नारायणराव पेशव्यांचे दप्तर निर्दोष आहे. वय अठरा, तारीख 30 ऑगस्ट 1773, मारेकरी सुमेरसिंगादी गारदी व तुळाजी पवार, पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी खुद्द काका राघोबादादांस देहान्त प्रायश्चित्त सांगितले, म्हणजे निवाडाही झाला. शिवाय आख्यायिकेप्रमाणे हा सारा अनर्थ कशामुळे झाला, तर ‘धरावे’ या शब्दातील एका अक्षराचे ‘मा’ केल्यामुळे. ज्याचा उगमच मुळी सरकारी कागदावरील खाडाखोडीत आहे, अशा भुतापुढे तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत कोणीही आदराने उठून उभे राहील.

मात्र ‘काका, मला वाचवा’ ही आर्त हाक ऐकण्याची वेळ कोणती, याविषयी पुण्यात दोन पक्ष आहेत: एक अमावास्येचा, दुसरा पौर्णिमेचा, आणि दोघेही आपापल्या मतावर जन्म काढण्यास सिद्ध आहेत. वस्तुतः त्या दिवशी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी होती, म्हणजे ऐन गणेशोत्सव. अमावास्या मागे आणि पुढे दोहींकडून दूर, आणि पौर्णिमा अद्याप यावयाची. त्यातून प्रसंग घडला तो दिवसाढवळ्या. तेव्हा न्यायाने पाहता ही हाक भर दुपारी ऐकू यावयास पाहिजे. परंतु पुण्यात त्या प्रहरी ती ऐकण्यास जागे कोण असणार, हा प्रश्न मी परक्या जिल्ह्याचा इसम म्हणून वाढवू इच्छीत नाही. शिवाय 10 जानेवारी 1730 रोजी पायाभरणी होऊन 16,110 रुपये खर्चाने उभ्या राहिलेल्या त्या वाड्याचे लाकडी मजले 1828 च्या आगीत भस्मसात झाले. ज्या दालनांतून तो अभागी तरुण धावला ती दालनेच आता आकाशात आहेत. रात्री वाड्यास कुलूप असते. बाहेरच्या पटांगणात उभे राहावे, भेळ घ्यावी, आणि परतीची गाडी पकडावी.

आता स्वजिल्हा. प्रथम एक मनाई: सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहेकडे या हेतूने पाऊलही टाकू नये. काळोख, वटवाघळे आणि प्राचीनता ही सारी सामग्री तेथे आहे खरी, पण ते गोंड समाजाचे मूळस्थान आहे आणि माघ पौर्णिमेस तेथे यात्रेचा महापूर लोटतो. दुसऱ्याच्या देवघरात जाऊन आपली हडळ धुंडाळणे हे शिष्टसंमत नाही.

राहता राहिला अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध, आणि येथे मात्र आमच्या प्रांताची खरी अडचण उघड होते. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी डोंगरांच्या बेचक्यात हा विस्तीर्ण तलाव बांधला. पाटील निवर्तले. पुण्याच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी बांधावर येऊन कोणाला तरी हाका मारावयाच्या. पण लोकांनी त्यांस ती सवडच दिली नाही. त्यांचा कोलासूर देव केला, ठाणे बसविले आणि पाण्याची राखण त्यांच्याकडे सोपविली. सभोवतीच्या शिखरांना सात बहिणी म्हणतात, व या बहिणींच्या आत्म्यांनी बांध घालताना पाटलांना साहाय्य केले अशी दंतकथा आहे. म्हणजे आमच्याकडील अशरीरी आत्मे रडत नाहीत, मातीकामावर जातात! गादीसाठी मारला गेला तो तिकडे भूत झाला, पाणी अडवून मेला तो इकडे देव झाला. अशा मुलखात भुतांचा दुष्काळ पडल्यास नवल ते काय? मी बांधावरच्या एका म्हाताऱ्यास याविषयी आडवळणाने विचारले, तेव्हा तो म्हणाला, “भूत काहाले पाहतेस बाप्पा? मले धानाले पानी सोडाचं आहे.”

तथापि हट्टच असेल, तर उन्हाळ्यातील चांदणी रात्र निवडावी. कुलूचे झाड त्या दिवसांत निष्पर्ण असते, त्याची साल पांढरीफटक, आणि चांदण्यात खडकावर उभे असलेले ते दृश्य पाहून कित्येक धीराच्या पुरुषांनी रामरक्षेचा प्रारंभ मधूनच केलेला आहे. पाण्याकाठी हुमा घुबड घुमू लागले की ते खर्जातले हुंकार आपल्यालाच उद्देशून आहेत असे वाटते. या आवाजांची पुरती पारख होती ती मारुती चितमपल्लींना. वनखात्याच्या नोकरीत त्यांनी येथे वर्षे काढली, आणि आमच्या कित्येक संभाव्य भुतांची पक्ष्यांत गणना करून टाकली, हे जिल्ह्याचे नुकसानच म्हणावयाचे. मोहाच्या झाडाखाली काळी, केसाळ आकृती दोन पायांवर उभी दिसली, तर मात्र मंत्र, ताईत, लिंबू यांपैकी कशाचाही उपयोग नाही. ते अस्वल होय, आणि मोहफुलांच्या हंगामात त्याच्याशी मतभेद ठेवू नयेत. मोहाच्या फुलांऐवजी त्यांच्या अर्काचे सेवन करून ज्यांनी भुते पाहिली, त्यांची साक्ष नोंदवून घ्यावी, पण सही घेऊ नये.

कायद्याचेही भान असावे. येथील रान 1975 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. सूर्यास्तानंतर आत सापडल्यास वनरक्षक आपणांस भूत मानण्याची सवलत देणार नाही. आणि 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये मंत्राने भुतास पाचारण करून लोकांत घबराट उत्पन्न करणे हा गुन्हा आहे. तेव्हा आमच्या जिल्ह्यात भुताने यावयाचे तर स्वखुशीने व बिनबोभाट यावे लागेल.

सबब उद्यानाची हद्द टाळून, गावालगतच्या शेतांकडेच बसावे. आश्विनात पावसाने दगा दिलेला असेल आणि धान गर्भात असेल, तर मध्यरात्रीच्या सुमारास धुऱ्यावरून एक अंधूक प्रकाश डुलत आपल्या रोखाने येईल; त्यामागे गुडघाभर चिखलाने माखलेली, डोक्यावर पांढरे फडके गुंडाळलेली, अक्षरही न बोलणारी आकृती असेल. पळू नये. आज पाण्याची पाळी त्याची आहे. तो आपल्या हाती बॅटरी देईल आणि स्वतः फावडे घेऊन वाकेल. बॅटरी नीट धरावी, उजेड त्याच्या डोळ्यांवर न पाडता पाटाच्या तोंडावर पाडावा.