दोन ते चारचा पहारा

जपमाळ गोमुखीत ठेवून ओढायची पद्धत ज्याने काढली, तो माणसं ओळखून असणार. हात पिशवीत, मणी पिशवीत. किती झाले ते जपणाऱ्याला ठाऊक आणि देवाला. अर्थात आम्ही त्यावरही तोड काढलीच. गोमुखी मखमलीची शिवून घेतली, वर जरीचा ॐ काढला. आता तर जप मोजणारं अंगठीएवढं यंत्र निघालंय. समोरचा "हे काय हो?" म्हणून विचारेपर्यंत ते बोट नाचवता येतं.

ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणं येतात, त्यांत पहिलं अमानित्व. ज्ञानेश्वर माउली तिथे चांगलेच रेंगाळले आहेत. बृहस्पतीइतकी सर्वज्ञता असली तरी असा पुरुष मोठेपणाच्या धास्तीने वेडेपणाआड दडून बसतो, असं ते सांगतात. लगेच पुढे अदंभित्वाच्या दाखल्यांत पेरलेलं बी झाकून टाकणारा शेतकरी येतो. सप्ताहात पारायणाला बसलेली मंडळी हा अध्याय एका सुरात वाचतात. तेवढ्यात मोबाइल घेऊन कुणी फोटो काढायला आला, की ओवी चालू ठेवून अर्धा मांडव मान वर करतो आणि पदर-टोप्या सारख्या करतो.

सप्ताहाची पत्रिका वाचण्यासारखी असते. ह.भ.प. लावलेली नावं, अन्नदाते, मंडपवाले, सगळे जिथल्या तिथे. एखादं नाव राहिलं तर पुढच्या वर्षीच्या पंगतीवर परिणाम होतो. काल्याच्या दिवशी शाल-श्रीफळाचे सत्कार इतके लांबतात, की दहीहंडी ताटकळते आणि स्वयंपाकघरातून आमटी उतू जाण्याचे निरोप येतात.

पण त्याच सप्ताहात वीणाही असते. ती सात दिवस खाली ठेवायची नाही. गळ्यात घालून उभं राहायचं, नाम घ्यायचं, पाळी संपली की पुढच्याच्या गळ्यात द्यायची आणि एकमेकांच्या पाया पडायचं. रात्री कीर्तनात टाळ धरून पुढे उभं राहायला चढाओढ असते. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला मात्र माणूस शोधावा लागतो. मांडवात सतरंज्यांच्या वळकट्या, कोपऱ्यात घोरणारा आचारी, समोर विठोबा. वाहवा करायला कुणी नाही. प्रसिद्धीचा सोस सुटावा म्हणून आपल्याकडे एवढी नामी सोय आहे.

तीही पुरत नाही म्हणा. असा पहारा करून आलेला गडी पहाटे काकड्यानंतर चहा पिताना सहज म्हणतो, "रात्री थंडी नुसती मी म्हणत होती." मी म्हणणारी थंडी एकटीच नव्हती, हे ऐकणाऱ्यांना कळतं. तरी त्याला कुणी हसू नये. दोन तास तो खरोखर उभा होता.

गाडगेबाबा कुणाला पाया पडू देत नसत. हातात खराटा घेऊन गाव झाडायचे, मग कीर्तन. धर्मशाळा बांधल्या, पण स्वतः त्यांत राहिले नाहीत. त्यांच्याच नावाने २०००-०१ मध्ये सरकारने ग्रामस्वच्छता अभियान काढलं, तेव्हा गावोगाव खराटे निघाले ते बक्षिसासाठी. बाबांना हे आवडलं असतं का, देव जाणे. पण उकिरडे हलले, गटारं वाहती झाली. कौतुकाच्या आशेने केलेलं काम अगदीच वाया जात नाही, हे मान्य करायला हवं. फक्त त्याला साधना म्हणायची घाई करू नये.

माझं मत विचाराल तर स्तुतीची हौस मारून टाकायच्या भानगडीत पडू नये. ती मेली असं वाटलं की पहिली बातमी आपणच चार लोकांना सांगतो. वारकऱ्यांची रीत बरी. समोरचा पायाला हात लावतो, लगेच आपणही त्याच्या पायाला लावायचा. घेतलेला नमस्कार तिथल्या तिथे परत; घरी न्यायला काही उरत नाही.

आमच्याकडे पहाऱ्याची यादी देवळातल्या खांबाला लावली आहे. दोन ते चारचा रकाना अजून रिकामा आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावं. नाव लिहावं लागतं, त्याला इलाज नाही. चारला दुसऱ्याला उठवायचं असतं.