धनेशाने नवऱ्यांचा भाव पाडला

ज्या गावात धनेश राहतो त्या गावात गरोदर बाईच्या नवऱ्याने राहू नये, असं माझं आता पक्कं मत झालं आहे. आमचं अणशी जोयड्याहून कारवारला निघालात की घाट उतरायच्या आधी लागतं. चहूकडे रान, रानात जुनी उंच झाडं आणि झाडांच्या ढोल्यांत धनेश. फेब्रुवारीच्या सुमारास मादी ढोलीत शिरते. चिखल, विष्ठा आणि फळांचा गर लिंपून दार बंद करून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. पुढचे काही महिने बाईसाहेब आत. पंखांची पिसं झडतात, म्हणजे मनात आणलं तरी उडायची सोय नाही. नवरा वड-उंबराची फळं गळ्यात भरून आणतो आणि एकेक वर काढून फटीतून भरवतो. मधूनच चवीला एखादा सरडा. ‘आज बाजार बंद होता’ असं धनेश कधी म्हणत नाही.

ही सगळी माहिती माझ्या बायकोला आमच्याकडे उतरलेल्या एका पाहुण्याने दिली. आम्ही घरच्याच दोन खोल्या पर्यटकांना देतो. गळ्यात दुर्बीण अडकवलेले हे गृहस्थ तिसरा चहा पिता पिता धनेशाच्या संसारावर बोलत होते. हिला तेव्हा पाचवा लागला होता. तिने शांतपणे ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि म्हणाली, ‘‘अहो, कुठे बाळकैऱ्या दिसतायत का बघा ना.’’

त्या दिवसापासून माझी तुलना माणसांशी झालीच नाही.

हिचं माहेर बेळगाव. त्यामुळे डोहाळ्यांनाही जायचं-यायचं भाडं पडायचं. अणशीत असली की हिला खडेबाजारातली भेळ आठवायची. आईने नारळ घालून केलेल्या कणग्यांच्या भाजीकडे ढुंकून बघायची नाही. बेळगावला आठ दिवस माहेरपणाला गेली, तर दुसऱ्याच रात्री फोन: ‘‘आईंना विचारा, कणगी संपली का हो?’’ जोयडा तालुका कंदांसाठी प्रसिद्ध. इथल्या कुणबी घरांत कंदांच्या इतक्या जाती आहेत की जोयड्याला त्यांचा मेळा भरतो. ती कणगी पिशवीत घालून मी बेळगाव गाठलं. दारात सासूबाई म्हणाल्या, ‘‘आता तिला वासच सोसवेना की हो. तुम्हीच खावा.’’ मी खाल्ली. चांगली झाली होती.

खरी कसोटी लागली ती तांबड्या मुंग्यांच्या चटणीने. शेजारच्या मावशींनी हिला सांगितलं की सर्दीवर त्याच्यासारखं दुसरं नाही. हिला सर्दी नव्हती. तरीही चटणी हवी झाली. आमच्या परसातल्या काजूवर पानं शिवून केलेलं मुंग्यांचं घरटं होतं. ते काढायची रीत मावशींना ठाऊक होती, पण झाडावर मी होतो. घरटं खाली घमेल्यात पडलं, मुंग्या मात्र सगळ्या पडल्या नाहीत. काही माझ्यासोबत राहिल्या. मग मावशींनी मुंग्या भाजल्या, मीठ, मिरची, लसूण, खोबरं घालून वाटल्या. आंबटपणा मुंग्यांचाच, त्यात वेगळं काही आंबट घालावं लागत नाही. हिने बोटाच्या टोकावर इवलीशी घेतली, डोळे मिटले, म्हणाली, ‘‘छान आहे. आता नको.’’ उरलेली चटणी मी भाताबरोबर संपवली. इतक्या चावल्यावर माझा तेवढा हक्क होताच.

वजनाचं म्हणाल तर या सगळ्या काळात वाढ मुख्यतः माझ्यात झाली. हिने बाजूला सारलेलं सगळं माझ्या पानात यायचं. अंगणवाडीत तर मला नियमच आड आला. कर्नाटकात 2017 पासून ‘मातृपूर्ण’ योजना आहे. गरोदर बायांना अंगणवाडीत दुपारचं गरम जेवण, अंडं, दूध आणि शेंगदाण्याची चिक्की. मी हिला सोडायला जायचो आणि चिक्कीपर्यंत थांबायचो. अंगणवाडीच्या बाई एकदा हसत म्हणाल्या, ‘‘तुमचं तायी कार्ड आणलंय?’’ तायी कार्ड म्हणजे आईच्या तपासण्या, इंजेक्शनं, गोळ्या असं सगळं ज्यात लिहितात ते. बापाचं कार्ड सरकारने अजून काढलेलं नाही. काढलं तर त्यात वजनाचा रकाना ठेवू नये.

घरात सल्ल्यांचं उत्पादन अखंड चालू होतं. आमच्या शेजारच्या कैगा अणुवीज केंद्रातलं पहिलं युनिट 2018 च्या अखेरीपर्यंत सलग 962 दिवस न थांबता चाललं आणि तो जागतिक विक्रम ठरला. तेव्हा आईला सून आली नव्हती, एवढंच. डावीकडे वळून झोप. ग्रहणात सुरी धरू नको. पपई बघूसुद्धा नको. प्रत्येक सूचनेच्या शेवटी ‘‘खा गो बाय’’. तिकडून सासूबाईंच्या सूचना फोनवरून यायच्या. आमच्याकडे रेंज फक्त तुळशीवृंदावनाजवळ येते. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ तुळशीपाशी उभी असलेली सून पाहून येणारे-जाणारे तिच्या भक्तीचं कौतुक करायचे.

मुलगा की मुलगी, हे सांगणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. कारवारला सोनोग्राफीच्या खोलीबाहेर तशी पाटीही होती. आमच्या ओटीवर पाटी नव्हती. पोट पुढे की पसरट, तोंडावर तेज की वांग, उजवा पाय आधी की डावा, यावर गावातल्या म्हाताऱ्यांचे दोन तट पडले. निकाल डोहाळजेवणात लागायचा होता. दोन झाकलेल्या वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पण मिठाई आणायची कामगिरी सासूबाईंची, आणि बेळगावकर माणूस मिठाई आणायला निघाला की कुंदाच आणतो. दोन्ही वाट्यांत कुंदा निघाला. म्हाताऱ्या हबकल्या. हिने दोन्ही वाट्या संपवल्या.

नावावरूनही तंटा. मी म्हटलं, घाई कशाला, आपल्या रानालासुद्धा नाव नीट ठरायला वेळ लागलाच की. 1987 मध्ये अणशी राष्ट्रीय उद्यान झालं, 2007 मध्ये दांडेली-अणशी व्याघ्र प्रकल्प, 2015 मध्ये त्याचा काळी व्याघ्र प्रकल्प. आई लगेच म्हणाली, मुलगी झाली तर काळीच ठेवू, नदीचं नाव, वाईट काय? सासूबाई तुळशीवरून म्हणाल्या, ‘‘पोरगी गोरी झाली तर?’’ फोन नेमका तेव्हाच तुटला, हे बरं झालं.

मे संपत आला तसा खरा प्रश्न उभा राहिला. आमच्याकडे पाऊस लागला की घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही, आणि तारीख जूनमधली. सासूबाई म्हणाल्या बेळगाव. आई म्हणाली कारवार, तिथे काका आहेत, दवाखाना जवळ. दोघींनी एकमेकींच्या रस्त्यांवरचे खड्डे मोजले. हिने निवाडा दिला: कारवार. कारण विचारलं तर म्हणाली, ‘‘तिसऱ्या खायच्यात.’’

पिशवी भरायला दोघी आज्या बसल्या. सासूबाई त्यासाठी मुद्दाम आल्या होत्या. जुन्या लुगड्यांची दुपटी, टोपरी, बाळंतविड्याची पुडकी, वेखंड, कुळीथ आणि शेवटी कुठून तरी उरलेली कणगी. चेन लागेना. आईने पिशवीत हात घातला, माझा शर्ट बाहेर काढला आणि मोकळ्या जागेत डिंकाच्या लाडवांचा डबा बसवला.

‘‘आई, मी काय घालू?’’

‘‘तुका कित्याक? तुवें फकत हाडचें-व्हरचें,’’ आई म्हणाली आणि चेन लावली.