खोली : शून्य मीटर

पन्नास मीटर पाण्याखाली चालणारं घड्याळ विकायला काढलं, की पहिली सूचना मिळते ती अशी : याला पाणी लागू देऊ नका. सूचना करणारे संग्राहक असतात आणि या बाबतीत ते थट्टा करत नाहीत. "काका, साठ वर्षांचं रबर आहे. आतल्या वॉशरचा दगड झाला असणार. हात धुताना काढून ठेवत जा." मी म्हटलं, निश्चिंत राहा. हे ज्यांच्या हातावर होतं त्या अण्णाकाकांनी ते जन्मभर हात धुताना काढूनच ठेवलं. आंघोळीला जाताना ते देवाच्या कोनाड्यात जाई. पाऊस आला तर छत्री आधी मनगटावर, मग डोक्यावर.

अण्णाकाका बोटीवर होते. रत्नागिरीकडचा माणूस बोटीवर होता म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांपुढे निळा समुद्र आणि वाऱ्यावर फडफडणारी कॉलर येते. काका इंजिनरूममध्ये होते. त्यांना समुद्र दिसे तो बंदरात उतरताना. पोहता येत नव्हतं आणि त्याची खंतही नव्हती. "भर समुद्रात बोट बुडाली तर पोहून जायचं कुठे?" या प्रश्नाला आमच्या घरात अजून कोणी उत्तर दिलेलं नाही. सिंगापूरला त्यांनी हे घड्याळ घेतलं ते वजन बघून. तेवढ्याच पैशात एक नाजूक, सोनेरी घड्याळ मिळत होतं. पण हे हातात घेतल्यावर पैसे दिल्यासारखं वाटलं, असं ते सांगत.

घड्याळ फेव्हर-ल्यूबाचं, मॉडेल 'बाथी ५०'. कंपनी स्विस, पण १८६५च्या सुमारास मुंबईत आलेली. त्यामुळे आमच्या वडिलांच्या पिढीला ती जवळजवळ गिरगावातलीच वाटे. लग्नात जावयाला 'सी चीफ' नाहीतर 'सी किंग' द्यायचं. नावं अशी दर्यावर्दी, आणि जावई रोज ८.१२च्या लोकलने फोर्टात कारकुनी करायला. बाथी मात्र खरोखर पाण्याचं. रोलेक्स आणि ब्लाँपँ यांची पाणबुड्यांची घड्याळं १९५३ची, जपानी सैकोचं पहिलं १९६५चं. ही सगळी पाण्याखाली फक्त वेळ सांगत. साठच्या दशकातल्या या बाथीत खोली दाखवणारा एक जादा काटा आहे. मागच्या झाकणाला भोकं ठेवलेली. त्यातून पाणी शिरतं, धातूच्या पातळ पडद्याला दाबतं, आणि पडदा दबेल तसा काटा सरकतो. पडद्यापलीकडचं मशीन कोरडं राहतं. ही भोकं आमच्या घड्याळजीला दाखवली तेव्हा तो हळहळला. म्हणाला, "गंज खाल्लाय साहेब. एम-सील भरून देतो, कळणारसुद्धा नाही."

कळलं असतं. संग्राहकाला सगळं कळतं. घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या जे सद्गुण म्हणून शिकवले गेले, ते या बाजारात किंमत पाडतात, हे मला पहिल्या आठवड्यातच उमगलं. काच बदलून घेतली? किंमत कमी. ओरखडे पॉलिश करून काढले? निम्मी. तबकडीवरचे पांढरे ठिपके लोण्याच्या रंगाचे झालेत? वा! त्याला पॅटिना म्हणतात. काळी तबकडी उन्हाने तपकिरी पडली तर तिला 'ट्रॉपिकल' म्हणतात आणि वर पैसे देतात. आमच्या बाल्कनीतली खुर्ची याच न्यायाने अमूल्य आहे, पण तिला अजून गिऱ्हाईक आलेलं नाही. आमच्या सौभाग्यवतींनी पाहुणा यायचा म्हणून घड्याळ पितांबरीने लख्ख करण्याची तयारी चालवली होती; मी ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून दोन दिवस घरात वावरलो.

पाहुणा पुण्याचा. वय तिशीच्या आत, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये, खिशात भिंग, हातमोजे आणि अतिनील किरणांची एक छोटी बॅटरी. नमस्कार झाल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला, "अंधारात चमकतं का?" मी ओशाळून म्हटलं, पूर्वी चमकायचं म्हणे, आता नाही. त्याचा चेहरा उजळला. मग त्याने समजावलं. त्या काळी काट्यांना ट्रिटियम लावत. दर १२.३ वर्षांनी ते निम्मं होतं, म्हणजे साठ वर्षांत तिसाव्या हिश्श्याच्या आसपास उरलं. एवढ्या जुन्या घड्याळाचे काटे आज रात्रभर लखलखले, तर कोणीतरी मागाहून नवा रंग लावला आहे. खात्रीसाठी पूर्ण काळोख हवा. डोंबिवलीत भर दुपारी काळोख कुठून आणायचा? शेवटी तो आणि मी पलंगावर सोलापुरी चादर पांघरून बसलो. बॅटरी लावली, विझवली. "काही दिसतंय?" "काही नाही." "मलापण काही नाही!" त्याच्या आवाजात असा आनंद होता, की पोह्यांच्या बशा घेऊन आलेली बायको दारातच थबकली. चादरीखालून दोन पुरुष काही दिसत नाही म्हणून एकमेकांचं अभिनंदन करताहेत, याचा खुलासा मी अजून समाधानकारकपणे करू शकलेलो नाही.

त्याच्याआधी एका जर्मन गृहस्थाशी व्हिडिओ कॉल झाला होता. भला माणूस. फोटो पाहून खूश, माप पाहून खूश. "तुम्ही कुठून बोलताय?" मी अभिमानाने म्हटलं, "मुंबई." तिकडे शांतता पसरली. जुन्या एचएमटीच्या आणि फेव्हर-ल्यूबाच्या तबकड्या खरवडून, त्यांना पोपटी-जांभळे रंग देऊन, तीन घड्याळांचं एक करून विकण्याचा उद्योग आपल्याकडे बराच फोफावला. अशा मालाला परदेशी संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' म्हणतात. म्हणजे पंचाईत बघा. दीडशे वर्षांपूर्वी कंपनी इथेच आली, तिची घड्याळं इथे घरोघरी, आणि इथून आलं म्हटलं की संशय. मी घाईघाईने दुरुस्ती केली, मुंबई नाही, डोंबिवली. त्याने नकाशात शोधलं असावं. पुन्हा फोन आला नाही.

पुण्याचा पाहुणा मात्र इतिहासावर आला. हल्ली घड्याळाबरोबर ते घालणारा माणूसही विकावा लागतो. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स पावणेदोन कोटी डॉलर्सच्या पुढे गेलं. बायकोने मागच्या बाजूला गाडी जपून चालवा अशा अर्थाचं कोरून घेतलं होतं. अण्णाकाका अविवाहित, आणि गाडीही नव्हती. "काका डायव्हर होते का?" त्याने आशेने विचारलं. खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. म्हटलं, "नोकरीची सगळी वर्षं समुद्राच्या पातळीखाली काढली." त्याने ते वहीत लिहून घेतलं.

"खोलीचा काटा चालतो?"

इथे गाडी अडली. काटा चालतो का हे बघायला घड्याळ पाण्यात घालायला हवं, आणि पाण्यात घातलं तर ते पुन्हा कधी चालेल याची शाश्वती नाही. त्यामुळे जगातल्या अशा घड्याळांचे काटे एकतर चालत असावेत किंवा नसावेत, आणि दोन्ही प्रकारची कोरडीच विकली जात असावीत. "आधी कधी पाण्यात गेलं होतं?" एकदा गेलं होतं. काका रजेवर गावी आले असताना आमच्या विहिरीची खोली मोजायची ठरली. घड्याळ दोरीला बांधून खाली सोडलं. वर काढलं तेव्हा काटा शून्यावर. खाली गेल्यावर किती होता ते वाचायला तिथे कोणी नव्हतं. काकांनी तीन वेळा सोडलं, तीनही वेळा शून्य. त्यानंतर विहीर आटली आहे असं काका मानू लागले, आणि रहाटावरून भरलेली घागर समोर आली तरी त्यांचं मत बदललं नाही. घड्याळ स्विस होतं.

ही हकिकत सांगितल्यावर सौदा मोडतो की काय असं मला वाटलं. त्याने वहीतून मान वर न करता विचारलं, "विहिरीचं पाणी खारं नव्हतं ना?"

"नाही, गोडं."

"उत्तम," तो म्हणाला, आणि लिहिलं : एकच मालक, गोड्या पाण्यात एकदा.

किमतीची घासाघीस लवकर आटपली. मी मनात धरलेल्या आकड्याच्या वर त्याने स्वतःहून आकडा सांगितला आणि मी तोंडावर नाराजी ठेवली, एवढंच. तेवढ्यात बायको शर्टाचं बटण लावायला तिचा सुयांचा डबा घेऊन बसली, आणि पाहुणा पोह्यांची बशी हातात घेऊन उभाच राहिला. डब्याच्या झाकणावर कंपनीचं नाव होतं. मूळ पेटी! घड्याळ त्यात आलं होतं. काकांनी ते काढून घेतलं आणि पेटी माझ्या आईला दिली, तिने हिला. पाहुण्याने पेटीचे वेगळे पैसे देऊ केले. ते ऐकून बायकोने नव्या शिलाई मशीनचा विषय काढला, तोही मान्य झाला. ती आतल्या सुया, रिळं, हुकं ताटात ओतू लागली, तर त्याने हातमोजा घातलेला हात मध्ये घातला.

"नको काकू, राहू द्या. सुया त्याच काळातल्या आहेत ना?"